ज्यांनी जहाज जागं केलं

अमेरिकी नौदलात नवी युद्धनौका सेवेत दाखल होते, तेव्हा समारंभाच्या शेवटी अंगावर काटा आणणारा क्षण येतो. जहाज धक्क्याला लागलेलं असतं आणि त्याचे नौसैनिक खाली रांगा धरून उभे असतात. जिच्या हस्ते जहाजाचं नामकरण झालं ती महिला आज्ञा देते : जहाजावर चढा, त्यात प्राण आणा! त्यासरशी सगळे धावत वर जातात आणि कठड्याला लागून उभे राहतात. रडार फिरू लागतात, भोंगा वाजतो. काही मिनिटांपूर्वी निश्चल दिसणारं हजारो टन पोलाद आता कुणाचं तरी जहाज झालेलं असतं.

या पहिल्या तुकडीतल्या प्रत्येकाला तिथे ‘प्लँक ओनर’ म्हणतात, म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या एका फळीचा मालक. लाकडी जहाजांच्या काळापासून चालत आलेला हा मान. जहाज निवृत्त झालं की डेकच्या लाकडाचा तुकडा आठवण म्हणून मागण्याची प्रथाही त्यातूनच पडली. आता डेक पोलादी झाले, फळ्या गेल्या, तरी पहिल्या तुकडीला तसं प्रमाणपत्र आजही मिळतं. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही की हा मान हुद्द्यावर ठरत नाही. कप्तान आणि भटारखान्यातला सर्वांत धाकटा नौसैनिक, दोघांच्या वाट्याला एकेकच फळी. पुढे त्या जहाजावर कितीही मोठा अधिकारी आला, तरी हा मान त्याला मिळवता येत नाही.

आपल्याकडे या पहिल्या तुकडीला ‘कमिशनिंग क्रू’ म्हणतात. समारंभाच्या कितीतरी महिने आधी ही माणसं गोदीत येऊन दाखल होतात. तेव्हा जहाज अजून गोदीच्या ताब्यात असतं आणि गोदीच्या कागदांवर त्याची ओळख असते एक आकडा. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ तिथे ‘यार्ड १२७०४’ होती. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असताना नौसैनिक पाइपांचा माग काढत फिरतात. हा व्हॉल्व्ह बंद केला तर पाणी कुठलं थांबेल? दिवे गेले, धूर भरला, तर या कप्प्यातून बाहेर पडायची शिडी किती पावलांवर? डोळ्यांना दिसेनासं झालं तरी हातांना वाट सापडली पाहिजे, इतकं ते जहाज अंगवळणी पाडून घ्यावं लागतं.

एरवी जहाजावर बदली होऊन आलेल्याला आधीचा माणूस चार्ज देतो. अमुक पंप सुरू होताना कुरकुरतो, तमुक झडप जरा जोर लावून फिरवावी लागते, हे त्याच्याकडून कळतं. पहिल्या तुकडीला चार्ज द्यायला कुणीच नसतं. जहाजाच्या खोडी त्यांनीच शोधायच्या आणि पहाऱ्याची, आगीच्या कवायतीची घडी त्यांनीच बसवायची. गोदी जहाज बांधते, पण त्याच्या सवयी ही पहिली माणसं घडवतात.

मग तो दिवस उजाडतो. कमांडिंग ऑफिसर कमिशनिंग वॉरंट वाचून दाखवतात. नौदलाचा ध्वज जहाजावर पहिल्यांदा चढतो आणि डोलकाठीच्या टोकावर एक लांब, चिंचोळी पताका फडकू लागते. ही कमिशनिंग पताका मग रात्रंदिवस तिथेच असते. ती उतरते ती जहाज निवृत्त होतं त्या दिवशी.

आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेच्या पहिल्या तुकडीची गोष्ट तर थक्क करणारी आहे. ‘हर्क्युलिस’ नावाची ही ब्रिटिश नौका सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपलं होतं. काम थांबलं आणि ती वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. ‘टायटॅनिक’ बांधणाऱ्या बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीने ती पूर्ण केली. ४ मार्च १९६१ रोजी तिथेच, विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत, ती ‘आयएनएस विक्रांत’ झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर.

भारतीय नौदलाने तोवर एकही विमानवाहू नौका चालवली नव्हती. मायदेशी विचारायला अनुभवी माणूस नाही, गाव परकं, आणि हातात तरंगता विमानतळ! १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिलं जेट विमान उतरवलं. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबरला विक्रांत मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू होते. दहा वर्षांनी, १९७१ च्या डिसेंबरात, बंगालच्या उपसागरातून याच डेकवरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. त्या पराक्रमाची पहिली तयारी बेलफास्टच्या धक्क्यावर झाली होती.

ती विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये मुंबईत तिचं तोडकाम सुरू झालं. पण नाव गेलं नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत, भारतातच बांधलेली २६२ मीटर लांबीची नवी ‘विक्रांत’ सेवेत आली. तिच्यावर जुन्या नौकेचाच ‘आर ११’ हा क्रमांक आहे. सुमारे १,६०० माणसांसाठी आखलेल्या या नौकेचे पहिले कमांडिंग ऑफिसर कमोडोर विद्याधर हारके. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला आणि त्यावरची अष्टकोनी चौकट शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. या तुकडीच्या वाट्याला नवी नौका आणि नवा ध्वज, दोन्ही एकाच दिवशी आले.

जहाजाच्या उद्घाटनाचा फोटो छापून येतो, त्यात पाहुण्यांची नावं असतात. पंप समजून घेणाऱ्या, कवायती बसवणाऱ्या माणसांची नावं घराबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसतात. कोकणात आणि घाटावरही नौदलातून निवृत्त झालेली माणसं गावोगावी आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना जरूर विचारा : काका, तुम्ही कुठलं जहाज कमिशन केलंत? आणि ते सांगतील ते तारखेसह, सोबत्यांच्या नावांसह लिहून ठेवा. जहाजं भंगारात जातात. त्यांची पहिली माणसं आपण लिहून ठेवली तरच उरतील.