नाडीचा वळ आणि न भरणारी जखम

जत-आटपाडी किंवा माण-खटावकडच्या थोरल्या बायकांच्या कमरेला एक काळपट, खरबरीत पट्टा असतो. लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून उठलेला हा वळ. भांगलणीला दिवसभर वाकायचं, उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, तर नेसण सुटून चालत नाही. म्हणून गाठ घट्टच मारली जाते. घामानं तिथली कातडी भिजते, घासते, खाजते, सोलवटते. बहुतेकींच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच राहते. क्वचित एखादीच्या बाबतीत तिथं कर्करोग होतो.

हा संबंध मराठी मुलखाच्या ओळखीचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यात आहे. पुढे साडीच्या संदर्भातही असेच रुग्ण नोंदवले गेले. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. सत्तरीच्या एका बाईंच्या उजव्या कुशीवरची जखम १८ महिने भरत नव्हती. त्या नऊवारीखाली परकर आवळून बांधत. दुसऱ्या साठीच्या पुढच्या. ४० वर्षं रोज लुगडं, तेही परकराशिवाय, आणि जखम दोन वर्षांची. निदान झालं तोवर त्यांच्या जांघेतल्या एका गाठीत रोग उतरला होता.

त्या दोन वर्षांचं मला फार वाईट वाटतं. कारण हा कर्करोग डोळ्यांना दिसणारा आहे. पोटातल्या रोगासारखं त्यासाठी यंत्र लागत नाही.

कातडी पुन्हा पुन्हा फाटते तेव्हा ती भरून काढायला पेशी सतत विभागत राहतात. दाह कायम राहिला की या विभागणीत चुका साठतात आणि कधीतरी एखादी पेशी ताबा सोडून वाढू लागते. भाजल्याच्या जुन्या व्रणावर हेच घडतं. चुलीवर किंवा गुऱ्हाळाच्या काहिलीवर भाजलेली जागा वीस-तीस वर्षांनी पुन्हा फुटली आणि भरेनाशी झाली, तर ती ‘जुनीच जखम’ म्हणून सोडून देऊ नये. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळव्यावरच्या व्रणाचंही तसंच.

तळव्याचा मुद्दा आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. मेलेनोमा हा कातडीच्या कर्करोगातला सर्वांत घातक प्रकार. सावळ्या माणसांत तो अनेकदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी, तळपायावर किंवा नखाखाली होतो. आपल्याकडे त्याला कुरूप समजून बिब्बा लावतात, ब्लेडनं खरवडतात. तळव्यावरचा काळा डाग पसरत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल, किंवा नखात काळी रेघ येऊन ती रुंदावत असेल, तर बिब्बा बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

उन्हाचं भय आपल्याला गोऱ्या लोकांपेक्षा कमी. कातडीतलं मेलॅनिन बरंचसं राखण करतं. तासगावच्या द्राक्षबागांत बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोकं-तोंड बांधतात, तेही उत्तमच. मात्र जन्मतःच ज्यांच्या कातडीत रंगद्रव्य नाही, त्यांनी उन्हाला खरोखर जपलं पाहिजे.

नाडीवरचा उपाय अगदी घरगुती आहे. बारीक दोरीऐवजी कापडाची रुंद पट्टी घालावी, ती रोज जरा वर-खाली बांधावी, घरी आल्यावर सैल करावी. कातडी सोलवटली असेल तर ती भरेपर्यंत कमरेला काही आवळू नये. दुकानातून विचारून आणलेलं खाजेचं मलम मात्र नको. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं आणि कातडी आणखी पातळ होते.

महिनाभरात न भरलेली, कडा उचललेली, हाताला कठीण लागणारी, बोट लागताच रक्त येणारी जखम दाखवायलाच हवी. दुखत नाही म्हणून थांबू नये; सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही. तुकडा काढला की रोग पसरतो, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. जागा बधिर करून कातडीचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल, मिरजेची आणि कराडची वैद्यकीय महाविद्यालयं आपल्याच भागात आहेत. वेळेत गेलं तर तेवढा भाग काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर गाठी काढाव्या लागतात, पायाच्या जखमेत कधी पायही.

अडचण आहे ती संकोचाची. कमर उघडी करून दाखवायची कुणाला? आरोग्य खात्याच्या कर्करोग तपासणीत तिशीच्या पुढच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात; कातडी त्यात नाही. आशाताई घरात येतात, त्यांच्यापाशी बायका मोकळेपणानं बोलतात. कमरेला, तळव्याला, भाजल्या जागी भरत नाही अशी जखम आहे का, एवढं त्यांनी त्याच भेटीत विचारावं, आणि ‘आहे’ म्हणणारीला पुढच्या बाजारच्या दिवशी सोबत घेऊन दवाखान्यात जावं.