तक्ता संपतो तिथून पुढे

बी.कॉम. असो की एमबीए, स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो. मुलं त्याला झेड टेबल म्हणतात. बल्बचं आयुष्य, साखरेच्या पोत्याचं वजन, वर्गाचे गुण, काहीही विचारलेलं असो. सरासरी वजा करायची, प्रमाण विचलनाने भागायचं, तक्त्यात बोट ठेवायचं आणि पाच मार्क घ्यायचे. हा तक्ता तीनच्या थोडा पुढे जाऊन संपतो. त्याच्या पलीकडे काय आहे हे सहसा कुणी विचारत नाही, कारण उत्तर तिथवर जाणार नाही याची खबरदारी पेपर काढणाऱ्याने आधीच घेतलेली असते.

आपण जाऊन बघू. शेअर बाजार वर्षाला साधारण 250 दिवस चालतो. त्याच्या रोजच्या चढउताराला घंटेच्या आकाराचा तो नॉर्मल कर्व्ह लावला, तर सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलनं, म्हणजे दोन सिग्मा, किंवा त्याहून जास्त घसरणीचा दिवस 44 दिवसांतून एकदा यायला हवा. तीन सिग्माचा तीन वर्षांतून एकदा. चार सिग्माचा 126 वर्षांतून एकदा. पणजोबांनी पाहिला असेल तर आपल्या नशिबी बहुधा नाही. इथवर सगळं माणसाच्या मापाचं आहे.

पाच सिग्माचा दिवस सुमारे 14 हजार वर्षांतून एकदा येतो. मागचा आला असेल तेव्हा शेती सुरू व्हायची होती. सहा सिग्माचा 40 लाख वर्षांतून एकदा. सात सिग्माचा 310 कोटी वर्षांतून एकदा. आणि आठ सिग्मासाठी 6 लाख 40 हजार कोटी वर्षं थांबावं लागेल, तर विश्वाचं वय अवघं 1,380 कोटी वर्षं आहे. पायरी दर वेळी एकाच सिग्माची, पण त्या वक्राच्या सूत्रात अंतराचा वर्ग घातांकात जाऊन बसलेला आहे, त्यामुळे शेपूट इतक्या वेगाने बारीक होते की तक्ता छापणाऱ्याला पुढे शून्यांशिवाय छापायला काही उरत नाही.

आता दलाल स्ट्रीटवर येऊ. सेन्सेक्सच्या रोजच्या हालचालीचं प्रमाण विचलन दीड टक्का धरू. शांत वर्षांत ते एक टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे हा अंदाज सढळ हातानेच केलेला आहे. 12 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 8.18 टक्के पडला. तक्त्याच्या हिशेबाने असा दिवस 1 लाख 60 हजार वर्षांतून एकदा. पुढची 1 लाख 60 हजार वर्षं निवांत जायला हवी होती. गेले अकरा दिवस. 23 मार्चला सकाळीच खालचं सर्किट लागलं, व्यवहार थांबवले, पुन्हा सुरू केले, आणि दिवसअखेर निर्देशांक 13.15 टक्के खाली होता. हा पावणेनऊ सिग्मांचा दिवस. त्याची वाट बघायची तर विश्वाच्या वयाच्या तीन लाख पट काळ बसून राहावं लागेल.

त्याआधी 18 मे 2009. लोकसभेचा निकाल लागल्यानंतरचा सोमवार. त्या दिवशी सेन्सेक्स 17.34 टक्के चढला आणि वरच्या सर्किटमुळे बाजारच बंद करावा लागला. हे साडेअकरा सिग्मांच्या वर गेलं. इथे वर्षांची संख्या 1 वर 28 शून्यांच्या घरात जाते आणि लाख-कोटींची आपली नेहमीची भाषा अपुरी पडते. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या लीलावतीत एकं-दहंपासून जी नावं दिली आहेत ती परार्धावर थांबतात, म्हणजे 1 वर 17 शून्यं. त्या भाषेत सांगायचं, तर विश्वाच्या वयाच्या जवळजवळ नऊ परार्ध पट काळानंतर असा एक दिवस. आपल्याकडे तो आला, आणि त्यानंतर अकरा वर्षांच्या आत 23 मार्चही आला.

कुणी म्हणेल, दीड टक्का कमी धरला. ठीक आहे, दुप्पट करू, तीन टक्के. तरीही 2009 सारख्या दिवसासाठी दहा लाख वर्षांच्या वर थांबावं लागतं.

बाजाराला नॉर्मल कर्व्ह लावण्याच्या या चुकीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. ऑगस्ट 2007 मध्ये गोल्डमन सॅक्सचे वित्तप्रमुख डेव्हिड व्हिनियर यांनी आपल्या फंडांच्या तोट्याचा खुलासा करताना सांगितलं, की आम्ही 25 सिग्मांच्या हालचाली बघतो आहोत, आणि त्याही लागोपाठ काही दिवस. 25 सिग्मांचा एक दिवस यायला लागणारी वर्षं लिहायची तर 1 वर 135 शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या 1 वर 80 शून्यांच्या आसपास मानतात. असे दिवस लागोपाठ आले असं जगातल्या एका मोठ्या बँकेचा जबाबदार माणूस सांगत होता, आणि ते दुर्दैव म्हणून सांगत होता. मला यात दुर्दैव कुठेच दिसत नाही. उत्तर विश्वाच्या वयाला ओलांडून गेलं की पहिला संशय सूत्र ज्या गृहीतकावर उभं आहे त्याच्यावर घ्यायचा असतो. परीक्षेत मार्क पद्धतीला मिळतात, उत्तराचा आकार बघायला कुणी सांगत नाही. ही सवय पुढे नोकरीत महागात पडते.

गृहीतक कोणतं? पाठ्यपुस्तकात ते एका वाक्यात उरकलेलं असतं: घटना स्वतंत्र आहेत असे माना. बाजारात कालचा दिवस आजच्या दिवसापासून स्वतंत्र नसतो. एक घाबरून विकतो म्हणून दुसरा विकतो, भाव पडतो म्हणून उधारीवर घेतलेले शेअर तिसऱ्याला विकावे लागतात. वाईट दिवस टोळीने येतात.

हेच बँकेच्या गणितात बघा, म्हणजे आणखी स्वच्छ दिसेल. शंभरातली पाच कर्जं बुडतात. दहा कर्जदार घेतले, तर दहाच्या दहा बुडण्याची शक्यता किती? 0.05 चा दहावा घात. म्हणजे 10 लाख 24 हजार कोटींत एक. हे उत्तर लिहून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि त्याला पूर्ण मार्क मिळतात. आता ते दहाही कर्जदार मराठवाड्यातल्या एकाच कोरडवाहू गावचे आहेत आणि दहाही पीककर्जं आहेत असं समजा. पाऊस बांध बघून पडत नाही. तो चुकला तर दहाही शेतांवर चुकतो. वीस वर्षांतून एकदा असा दुष्काळ पडतो आणि त्या वर्षी सगळेच बुडतात असं धरलं, तर प्रत्येकाची बुडण्याची शक्यता तीच, पाच टक्के. पण दहा जण एकदम बुडण्याची शक्यता आता विसांत एक. दोन उत्तरांत 51,200 कोटी पटींचा फरक, आणि दोन्हीकडे कर्जदाराचा कागद हुबेहूब सारखा! 2008 च्या आधी अमेरिकेत घरकर्जांच्या गठ्ठ्यांना सर्वोच्च पतमानांकन मिळत होतं, त्यामागे याच जातीचा गुणाकार होता. तिथल्या पावसाचं नाव होतं घरांच्या किमती.

व्यवस्थापनाच्या मुलांना सिग्मा बाजाराआधी कारखान्यातून भेटतो. मोटोरोला कंपनीने 1980 च्या दशकात सिक्स सिग्मा ही पद्धत आणली. दहा लाख संधींत 3.4 चुका हा तिचा पाठ झालेला आकडा. पण तक्ता पुढे वाढवून पाहिला तर सहा सिग्मांपलीकडे शंभर कोटींत एकच उरतो. म्हणजे 3.4 हा आकडा तिथला नाहीच, तो साडेचार सिग्मांचा आहे. कारखान्यातलं यंत्र काळाच्या ओघात सरासरीपासून दीड सिग्मा सरकतं असं गृहीत धरून ती सवलत घेतलेली आहे. नाव सहाचं, हिशेब साडेचारचा, आणि मधली तफावत 3,400 पट. मुलाखतीत हे विचारलं तर भलेभले गडबडतात.

इथे डबेवाल्यांचा विषय टळत नाही. 1998 मध्ये 'फोर्ब्ज'मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर लेख आला, आणि 1 कोटी 60 लाख पोचवण्यांत एक चूक, हा आकडा तेव्हापासून मॅनेजमेंटच्या प्रत्येक भाषणात ऐकू येतो. त्याला सिक्स सिग्माचं बिरुदही चिकटलं. तेव्हाचे दोन लाख डबे, जाऊन-येऊन दिवसाला चार लाख फेऱ्या, वर्षाचे तीनशे दिवस: 12 कोटी. सिक्स सिग्माच्या मापाने यात 408 डबे चुकायला परवानगी आहे. फिरणाऱ्या आकड्याप्रमाणे मात्र साडेसातच चुकतात. म्हणजे बिरुद देणाऱ्यांनी डबेवाल्यांना पन्नास पटींनी खाली आणून ठेवलं!

पण स्टॅटिस्टिक्सच्या विद्यार्थ्याने याच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा: हे सिद्ध कसं करणार? एक सोपा नियम आहे. एकही चूक न होता जितके नग गेले, त्या संख्येने तीनला भागा. चुकीचं प्रमाण त्याहून कमी आहे असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. 1 कोटी 60 लाखांत एकापेक्षा कमी चुका होतात असं या खात्रीने म्हणायचं, तर लागोपाठ 4 कोटी 80 लाख फेऱ्या बिनचूक जायला हव्यात. रोजच्या चार लाखांच्या हिशेबाने कामाचे 120 दिवस. दादरला उतरायचा एक डबा ग्रँट रोडला गेला आणि गिऱ्हाईक कुरकुर न करता दुसऱ्याची भेंडी जेवलं, तर ते नोंदवणारा कुणीतरी या 120 दिवसांत रोज हजर हवा. डबेवाल्यांच्या झाकणावरच्या रंगीत खुणांबद्दल मला नितांत आदर आहे. आकड्याबद्दल तेवढा नाही.

शेअर बाजाराची आणि कर्जांची उदाहरणं हिशेबाने अशक्य वाटणाऱ्या गोष्टी घडल्याची होती. उलट दिशेनेही, म्हणजे अंदाजाला विरळ वाटणारी गोष्ट हिशेबाने जवळजवळ ठरलेली निघूनही, फसगत होते, आणि तिथे गुणाकार जोड्यांचा असतो. साठ मुलांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 99.4 टक्के आहे. दिवस 365, मुलं साठ, मग असं कसं? कारण साठ मुलांच्या जोड्या 1,770 होतात. 23 मुलांच्या 253, आणि तेवढ्यातच शक्यता पन्नास टक्के ओलांडते. माणसं दुप्पट केली की जोड्या साधारण चौपट होतात, एवढंच लक्षात ठेवायचं.

मग माणसं शंभर कोटी केली तर? आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, आणि एप्रिल 2016 मध्ये आधारधारकांनी शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून नव्याने नोंदवलेला प्रत्येक माणूस आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायचा असतो. टेंभलीतल्या पहिल्या माणसाला ताडायला कुणीच नव्हतं. शंभर कोटीव्याला एक कमी शंभर कोटी होते. या सगळ्या जोड्या मोजल्या तर पाच परार्ध भरतात. लीलावतीतल्या शेवटच्या नावाचा उपयोग करायला नंदुरबारपासून सुरू झालेली एक सरकारी योजना पुरली.

आता असं धरा, की दोन वेगळ्या माणसांना चुकून एकच समजण्याची शक्यता लाख कोटींत एक इतकी नगण्य आहे. कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत शोभेल असा आकडा. पाच परार्ध जोड्यांवर तो लावला, तर पाच लाख खोट्या जुळण्या निघतात. एका बोटाच्या ठशाने हे काम होणं अशक्यच. एका बोटाचा ठसा दहा हजारांत एकदा फसतो असं मानलं तर पाच परार्धांत पन्नास लाख कोटी चुका. म्हणून दहाही बोटं घेतात, म्हणजे गुणाकार करता येतो: दहा हजाराचा दहावा घात, 1 वर 40 शून्यं, आणि मग पाच परार्ध त्यापुढे किरकोळ ठरतात.

फक्त हा गुणाकारही बोटं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. ऊस तोडणाऱ्याची किंवा विटा वाहणाऱ्या बाईची दहाही बोटं एकाच कामाने, एकाच वेळी झिजतात. एक पुसट उमटलं तर बाकीची नऊ ठळक उमटण्याची आशा कमी, आणि चाळीस शून्यांतली बरीचशी त्या झिजेत जातात. नोंदणीच्या यंत्रात बोटांच्या जोडीला दोन्ही डोळ्यांची बुबुळं घेतात, ती यासाठीही कामी येतात. कोयता बोटांची कातडी घासतो, बुबुळाला त्याचा उपद्रव नाही.