रक्तदाबाची गोळी : बरे वाटले तरी का घ्यायची?

घरात कुणाला रक्तदाब आहे असे निघाले, की पहिले काही आठवडे गोळी अगदी घड्याळ लावून घेतली जाते. मग दाब उतरतो आणि स्वारी म्हणते, "आता कशाला रोज औषध? मला काहीच होत नाही!" गफलत होते ती येथेच.

ॲम्लोडिपिन हे या विकारावरचे आजचे अगदी नेहमीचे औषध. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बारीक स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरले, की ते आखडतात, वाहिनी अरुंद होते आणि दाब वाढतो. बागेतली रबरी नळी चिमटीत दाबावी, तसाच हा प्रकार. ॲम्लोडिपिन कॅल्शियमची ही वाट बरीचशी अडवते. मग स्नायू सैलावतात आणि दाब उतरतो.

हे औषध मोठे संथ आहे. गोळी घेतल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण कमाल व्हायला ६ ते १२ तास लागतात आणि त्यातले निम्मे नाहीसे व्हायला ३० ते ५० तास. म्हणूनच दिवसाला एक गोळी पुरते. पण पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे जावे लागतात. या संथपणामुळेच माणूस फसतो. गोळी सोडली तरी दोन दिवस दाब फारसा चढत नाही. "पाहा, गोळीवाचून काही अडले का?" असे वाटते. पुढे दाब हळूहळू पूर्वीच्या जागी जातो, तेव्हाही बहुधा काही जाणवत नाही. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे मात्र तो मुकाट्याने पोखरीत असतो. कित्येकांना त्याची पहिली वर्दी मिळते ती अर्धांगवायूच्या झटक्यानेच.

काहींचे घोटे या औषधाने सुजतात. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी भोवती झिरपते, त्याची ही सूज. ती दिसली तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा कमी करतील किंवा औषध बदलून देतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, आणि एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

गोळी चालू आहे म्हणून चकली-चिवड्यावर यथेच्छ ताव मारावा, हा हिशेबही चुकीचा. दिवसभराचे सगळे मीठ मिळून ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत असावे. आणि भाऊबीजेला परगावी निघालात, तर ओवाळणीबरोबर गोळ्यांची पट्टीही आठवणीने पिशवीत टाका.