दहा किलोंची अट

वजन कमी करण्याविषयी महाराष्ट्रात गेली काही वर्षं जी चर्चा चालू आहे, तिचं एक मूळ नागपुरात आहे. डॉ. श्रीकांत जिचकार हे नाव इथल्या पन्नाशीपुढच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एमबीबीएस, एमडी, सनदी सेवेत निवड, ती नोकरी सोडून १९८० साली काटोलचे आमदार, आणि पदव्या इतक्या की मोजणाऱ्यांमध्ये आजही एकमत नाही. २००४ साली ते अपघातात गेले. आहारावरचं त्यांचं एक व्याख्यान मात्र ध्वनिमुद्रित होऊन मागे उरलं. त्यातली मांडणी अशी: तोंडात काहीही टाकलं की इन्सुलिन पाझरतं, रक्तात इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही, म्हणून खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हे व्याख्यान ऐकलं, स्वतःवर करून पाहिलं आणि दोन जेवणं, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत, हे सूत्र घरोघरी पोचवलं.

मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्या गप्पांत हे सूत्र चांगलं मुरलं. इन्सुलिनचं आणखी एक कार्यक्षेत्र आहे, त्याच्याबद्दल मात्र घरात फारसं बोललं जात नाही. ते म्हणजे बीजांडकोश.

लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, पाळी दोन-दोन महिने पुढे जाणारी बाई डॉक्टरांकडे जाते. रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहिलेलं असतं. तिला सांगितलं जातं, आधी दहा किलो कमी करून या, मग बघू. ती घरी येते, भात बंद करते, सासूबाईंच्या सांगण्यावरून सोमवार आणि चतुर्थी धरते आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी खाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. इन्सुलिनला याहून मोठं आमंत्रण शोधून सापडणार नाही. सहा महिन्यांनी काटा दोन किलो खाली सरकलेला असतो, ती खचलेली असते आणि वय सहा महिन्यांनी वाढलेलं असतं.

दहा किलोंच्या या अटीत किती विज्ञान आहे आणि किती सवय, हे तपासण्यासारखं आहे.

आधी आत काय चालतं ते पाहू. दर महिन्याला बीजांडकोशात अनेक पुटिका वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते, पिकते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. हा सगळा कारभार मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांच्या लयबद्ध ठोक्यांवर चालतो. पोटाच्या आतली आणि यकृतातली चरबी वाढली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. गोची अशी की बीजांडकोशाची इन्सुलिनची जाण शाबूत राहते. घरात एका माणसाला कमी ऐकू येऊ लागलं की सगळे ओरडून बोलायला लागतात आणि ज्याचे कान चांगले आहेत त्याचं डोकं उठतं, तसंच हे. चढलेलं इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय ही संप्रेरकं रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, पुटिका अर्ध्या वाटेवर थबकतात, कुणीच फुटत नाही. सोनोग्राफीत माळेसारखे दिसणारे ते ठिपके गाठी नसतात, तर थबकलेल्या पुटिका असतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये पीसीओडी या विकाराचं वर्णन केलं, तेव्हा इन्सुलिनचा यात हात असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

चरबीच्या पेशी स्वतःही गप्प नसतात. पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारं विकर त्यांच्यात असतं. त्यामुळे इस्ट्रोजेनचा जो चढउतार मेंदूला हवा असतो तो सपाट होतो आणि मेंदूचे ठोके चुकतात.

आता या साखळीत वजन कमी केल्याने नेमकं काय तुटतं? ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे ॲन क्लार्क आणि रॉबर्ट नॉर्मन यांच्या गटाने नव्वदच्या दशकात स्थूल आणि मूल होत नसलेल्या स्त्रियांचे गट बांधले. व्यायाम, आहार, एकमेकींशी बोलणं, सहा महिने. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या ६७ जणींचं वजन सरासरी दहा किलोंनी घटलं, त्यातल्या ६० जणींचं बीज पुन्हा आपसूक सुटू लागलं आणि ५२ जणींना दिवस गेले. त्याआधीच्या, अवघ्या तेरा जणींच्या अभ्यासात तर सरासरी सहा किलोंच्या आसपास वजन घटल्यावरच बाराजणींचं बीज सुटू लागलं होतं. इतक्या थोड्या घटीचा असा परिणाम का, तर आहार सुधारला की यकृतातली आणि पोटातली चरबी लवकर ओसरते, आणि इन्सुलिनला चढवून ठेवणारी तीच असते. मांड्या तशाच राहतात, आरशात फरक दिसत नाही, पण पाळी महिन्यावर येते.

आकडा घालून पाहू. उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ७२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३०. भारतीयांसाठी योग्य मानलेल्या २३ च्या आत यायचं तर अशा बाईला सतरा किलो कमी करावे लागतील. बीज सुटायला लागण्यासाठी मात्र पाच ते दहा टक्के घट अनेकदा पुरते, म्हणजे साडेतीन ते सात किलो. सतरा किलोंचं ध्येय घेऊन चौथ्या किलोला हरलेली बाई खरं म्हणजे मुक्कामाजवळ पोचलेली असू शकते, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे अट बरोबर आहे, आकडा तेवढा चुकला, असं म्हणून थांबता आलं असतं. पण ॲडलेडच्या अभ्यासात जिद्दीने शेवटपर्यंत टिकलेल्या स्त्रिया होत्या. चिठ्ठी टाकून दोन गट पाडल्यावर काय होतं, हे नेदरलँड्समध्ये पाहिलं गेलं. वंध्यत्वाच्या उपचारांसाठी आलेल्या, २९ च्या वर बीएमआय असलेल्या ५७७ स्त्रिया. अर्ध्यांना आधी सहा महिने वजन कमी करण्याचा कार्यक्रम आणि मग उपचार, उरलेल्यांना थेट उपचार. २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला आणि बऱ्याच डॉक्टरांना तो पचायला जड गेला. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच (जुळं नसलेलं) बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण थांबवलेल्या गटात २७ टक्के, थेट उपचारांच्या गटात ३५ टक्के. स्वीडनमध्ये आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराच्या) आधी बारा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा द्रव आहार देऊन सरासरी साडेनऊ किलो उतरवले, तरी बाळ होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, तीस टक्क्यांच्या जरा खाली.

या दोन्ही प्रयोगांत एक बारीक गोष्ट आहे आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. वजन उतरवलेल्या गटात उपचारांशिवाय, आपोआप दिवस गेलेल्या स्त्रिया बऱ्याच जास्त होत्या: नेदरलँड्समध्ये २६ टक्के विरुद्ध १६ टक्के. स्वीडनमध्ये आपोआप राहिलेल्या गर्भातून बाळ झालेल्या साधारण साडेदहा टक्के, दुसऱ्या गटात अडीचच्या आसपास. म्हणजे वजन कमी केल्याने आयव्हीएफ जास्त यशस्वी होतं असं दिसत नाही, काही जणींना आयव्हीएफची गरज उरत नाही असं दिसतं. आणि या काही जणी बहुतेक त्याच, ज्यांचं बीज सुटत नव्हतं. ज्यांच्या बीजवाहक नलिका बंद आहेत, त्यांच्यासाठी सहा महिने थांबणं हे फक्त थांबणं असतं.

म्हणून वय विचारल्याशिवाय वजनाचा सल्ला देऊ नये. सव्वीस वर्षांच्या मुलीपाशी सहा महिने असतात. सदतिसाव्या वर्षी बीजांची संख्या आणि गुणवत्ता ज्या वेगाने घसरते, त्यापुढे चार किलोंचा फायदा टिकत नाही. तिथे दोन्ही गोष्टी बरोबरीने चालाव्यात. बीज सुटण्यासाठीची गोळीही आता चांगली आहे. लेट्रोझोल हे मूळचं स्तनाच्या कर्करोगाचं औषध. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ मध्ये आपल्या सरकारने बंदी घातली, पुढे ती उठवली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओडीच्या ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत ते जुन्या क्लोमिफेनपेक्षा सरस ठरलं.

वजन बिनमहत्त्वाचं आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. गर्भारपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब, सिझेरियन, गर्भपात, या सगळ्यांची शक्यता स्थूलतेबरोबर वाढते. बीज व्यवस्थित सुटणाऱ्या स्त्रियांमध्येही बीएमआय २९ च्या पुढे गेला की प्रत्येक अंकामागे आपोआप दिवस राहण्याची शक्यता पाचेक टक्क्यांनी घटते, असं डच पाहणीत दिसलं आहे.

आपल्याकडे मामला आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण काटा खोटं बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या २१ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांनी नव्वदच्या दशकापासून आया आणि बाळं अभ्यासली, तेव्हा पावणेतीन किलोंच्याही आतलं आपलं बाळ इंग्रज बाळापेक्षा बारीक, पण चरबी राखून जन्मतं हे दिसलं. हीच बाळं मोठी होऊन पंचविशीत आई व्हायला निघतात. हातपाय काडीसारखे, पोट पुढे, बीएमआय २४ आणि पाळी अनियमित, अशा मुलीला ‘तू कुठे जाड आहेस’ म्हणून वाटेला लावलं जातं. तिच्या बाबतीत कमरेभोवतीची टेप जास्त खरं बोलते. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही सावधगिरीची रेघ.

मग खायचं काय? जिचकारांचा इन्सुलिनवर बोट ठेवण्याचा अंदाज अचूक होता, पण दोनच जेवणांत काही जादू आहे असं दिसत नाही. उपास-पद्धती आणि रोजचं खाणं थोडं थोडं कमी करणं यांची तुलना झाली, तेव्हा वजनातली घट साधारण सारखीच निघाली. ज्याला जे वर्षभर निभावतं ते त्याचं. दिवस राहिल्यावर मात्र दोन वेळांचा हट्ट सोडायचा. उपाशी राहण्यापेक्षा ताटात काय आहे हे महत्त्वाचं, याचा पुरावा मुंबईत आहे. तिथल्या वस्त्यांमधल्या साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध, दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. पहिल्या गटात गर्भारपणातला मधुमेह ७ टक्के, दुसऱ्यात १२ टक्के. यात कुणाचं वजन उतरवलेलं नव्हतं.

व्यायामाचंही तसंच. स्नायू कामाला लागले की काटा हलला नाही तरी इन्सुलिन उतरतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर सकाळी साडेपाचलाच फिरून घ्यावं लागतं, आणि ज्या घरात सुनेने सहाला चहा टाकायचा असतो तिथे तेवढंही जमत नाही. मग घरातल्या घरात उठाबशा, भिंतीला रेटून जोर. स्नायूंना फुटाळा दिसत नाही.

इंजेक्शनांबद्दल सावध राहायला हवं. २०२५ मध्ये भारतात वजनासाठी आलेली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधं भूक मारतात आणि बंद पडलेली पाळी सुरूही करू शकतात. त्यामुळे ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात, त्यात टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असरही कमी होतो. सेमाग्लुटाइड तर मूल होऊ देण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं. आणि फॉलिक ॲसिडची गोळी प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं नीट कळायच्या आत. बीएमआय तीसच्या वर असेल तर डॉक्टर कधी जास्त मात्रा देतात, ते विचारून घ्यावं.

इतकं सगळं बाईबद्दल लिहून झालं, कारण तपासणीच्या खोलीत तीच आधी जाते. नवरा बाहेर गाडी लावत असतो, त्याची ढेरी कुणाच्या नोंदीत येत नाही. पुरुषाच्या चरबीतही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतंच. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२२ साली स्थूल पुरुषांना आठ आठवडे कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. सरासरी साडेसोळा किलो उतरले आणि वीर्यातल्या शुक्राणूंचं प्रमाण जवळजवळ दीडपट झालं. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सुरू केलेल्या पथ्याचा पूर्ण निकाल वीर्यतपासणीत साधारण तिमाहीभराने दिसतो. कोपनहेगनच्या त्या पुरुषांपैकी ज्यांनी उतरलेलं वजन वर्षभर राखलं, त्यांचा दीडपटीचा फायदा टिकला. ज्यांचं वजन परत चढलं, त्यांचा तो फायदाही गेला.