अंगठ्यानंतरची सही

१८५८ च्या जुलैत बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा एक करार केला. कंत्राटदार होता राज्यधर कोनाई. उद्या हा गडी ‘करार माझा नव्हेच’ म्हणेल, या धास्तीने हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई फासली आणि अख्खा पंजा कागदावर उमटवून घेतला. पोलिसी ठशांच्या इतिहासाचं हे पहिलं पान. गंमत अशी, की त्या पानावर गुन्हेगार कुठेच नाही. ठसा आला तो सहीच्या जोडीला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदवलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घ्यायची मुभा सरकारला मिळाली. चोरी केली म्हणून नव्हे, विशिष्ट घरात जन्मले म्हणून! निजामाच्या मुलखातही याच धाटणीचा कायदा होता.

आता त्याच मुलखातल्या, लातूर जिल्ह्यातल्या धनेगावला या. लक्ष्मण गायकवाड इथले, उचल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या जमातीतले. घरातल्या वडीलधाऱ्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. बापाने पोराला शाळेत घातलं, तेव्हा वस्तीत मुलांना हगवण-ओकाऱ्या लागल्या आणि जमातीने खापर फोडलं ते या शिकणाऱ्या पोरावर. तेच पोर पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागलं, कामगारांच्या लढ्यात उतरलं, आणि १९८७ मध्ये त्याचं ‘उचल्या’ हे आत्मकथन छापून आलं. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला.

या पुस्तकाची लेखकाच्या सहीची प्रत हाती धरली की मी आधी सही बघतो, मग मजकूर. ज्यांच्याकडून बोटांचे ठसे घेतले जात, त्यांच्यातल्या एकाने आपल्या खुशीने, आपल्या वळणाने, आपल्याच पुस्तकावर नाव घातलेलं असतं. ती दीड इंचाची रेघ म्हणजे दोन पिढ्यांचा प्रवास आहे, आणि सह्यांची पुस्तकं जमवण्याचा छंद मला एवढ्यासाठीच थोर वाटतो. क्रिकेटपटूंच्या सह्या जमवणाऱ्यांनी राग मानू नये.

दलित-भटक्यांच्या आत्मकथनांची अशी पुस्तकं किती? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं, उदगीरच्या मातीतून आलेलं. मग लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४), शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’. बेबीताईंनी फलटणला आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवत कितीतरी वर्षं लिहिलं. ज्या बाईचं लिहिणंच चोरून चाललं, तिने उघड्यावर सही करणं ही काय साधी गोष्ट झाली? दया पवार १९९६ ला गेले, ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणारे डॉ. किशोर काळे २००७ ला, बेबीताई २०१२ ला. त्यांच्या सह्या आहेत तेवढ्याच. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची. त्यातल्या सहीच्या मूठभर.

सहीखालची तारीख तर फारच बोलकी. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. त्याच वर्षी ‘बलुतं’ आलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांतली एखादी तारीख आणि खाली ‘नांदेड’ एवढं जरी लिहिलेलं असलं, तरी प्रत नुसती पुस्तकाची राहत नाही, चळवळीचा कागद होते.

त्याच १९९४ च्या सप्टेंबरात नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या हार्लेमची वाट लातूरवरून केव्हाच गेली होती. त्या हार्लेममधली एक गोष्ट सह्या जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची कहाणी सांगणारं मार्टिन ल्यूथर किंग यांचं पहिलं पुस्तक १९५८ मध्ये आलं. २० सप्टेंबरला ते हार्लेममधल्या एका दुकानात वाचकांना सह्या देत बसले असताना एका मनोरुग्ण बाईने पाकिटं फोडायची सुरी त्यांच्या छातीत खुपसली. टोक महाधमनीला टेकलं होतं. नुसतं शिंकले असते तरी गेले असते, असं नंतर कळलं. खून होण्याच्या आदल्या संध्याकाळी, ३ एप्रिल १९६८ ला, मेम्फिसच्या सभेत किंग यांनी ती शिंक आठवली होती.

आपल्याकडे सही मिळायची ती सभा-संमेलनांत. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी भरलं. अशा ठिकाणी पुस्तक बरोबर नेलं नाही, तर हळहळत बसावं लागतं. एरवी १४ जानेवारीला नामविस्तार झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांचे ढीग लागतात. तिथल्या जुन्या प्रतींत कधीकधी कुणाला तरी दिलेली ‘सप्रेम भेट’ निघते. परदेशी जमवणाऱ्यांत बरेचजण कोरी सही पसंत करतात, मला मात्र नाव घालून दिलेली प्रत अधिक मोलाची वाटते. लेखकाने ती कुणा शिक्षकाला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला, गिरणीतल्या सोबत्याला दिलेली असते आणि त्या नावावरून चळवळीचं सगळं गणगोत उलगडत जातं.

सही खरी की छापील? पान उलटून बोट फिरवा. बॉलपेनचा दाब मागून लागतो. शाईपेनची शाई जुन्या खरखरीत कागदात किंचित फुटते, आणि छापील सही भिंगाखाली पुष्कळदा बारीक ठिपक्यांची दिसते. कागद पिवळा पडतो तो लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे, ते थांबत नाही. पण ऊन आवरता येतं. नांदेडचा मे महिना शाईचा रंग उडवतो, पावसाळ्यात कसर बांधणीची खळ खाते. सेलोटेप तर लावूच नका, त्याचा चिकट डाग कायमचा बसतो.

आणि प्रत खिळखिळी झाली म्हणून बाइंडरकडे देणार असाल, तर आधी सही दाखवा. त्याला कडा कापून सारख्या करायची सवय, शिवाय सुरुवातीचं मळकं पान काढून कोरं चिकटवायचीही. सही नेमकी त्याच पानावर असते, पुष्कळदा अगदी कडेला.