'मायसेल्फ'पासून 'ॲजिटेट'पर्यंत

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी भरून पाठविलेली माहितीपत्रके वाचण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांतील अनेकांनी स्वतःची ओळख 'आय ॲम ॲन ॲलम्नाय' अशी करून दिली आहे. ॲलम्नाय हे लॅटिनमधून आलेले अनेकवचन आहे. एकटा माजी विद्यार्थी असेल तर तो ॲलम्नस आणि एकटी विद्यार्थिनी असेल तर ती ॲलम्ना. काहींनी '२००८ चा पासआऊट' असेही लिहिले आहे. भारतात या शब्दाचा अर्थ सर्वांना कळतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र एरवी पास आऊट होणे म्हणजे शुद्ध हरपणे. दहावीच्या गणिताच्या पेपरला ज्यांना दोन्ही अर्थ लागू पडले असतील, त्यांची मी क्षमा मागतो.

हे वाचताना हसू आले नाही असे नाही. परंतु अशा हसण्याची किंमत मला ठाऊक आहे. खेड्यातून शहरातील महाविद्यालयात गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी उभे राहून मी 'मायसेल्फ' म्हणत आपले नाव सांगितले. वर्ग हसला, प्राध्यापकही हसले. काय चुकले ते कोणीच सांगितले नाही. त्यानंतर दोन वर्षे मी त्या वर्गात तोंड उघडले नाही. पुढे वसतिगृहातील एका वडीलधाऱ्या मित्राने ते उलगडून सांगितले. मायसेल्फ म्हणजे 'मी' नव्हे, 'स्वतः'. मराठीत 'स्वतः अमुक अमुक' एवढेच म्हणून कोणी ओळख करून देत नाही. तसेच ते इंग्रजीतही चालत नाही. तेथे 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' हवे. समजून घ्यायला पाच मिनिटे पुरली.

आपल्या पुष्कळशा चुका अज्ञानातून येत नाहीत, त्या मराठीच्या व्याकरणातून येतात. 'आय लिव्ह हिअर ओन्ली' या वाक्यातील 'ओन्ली' पाहा. 'मी इथेच राहतो' यातला 'च' आपल्याला इतका प्रिय आहे की, तो सोडून पुढे जाववत नाही. इंग्रजीत असा शब्दाला चिकटणारा 'च' नाही. बोलणारा त्या शब्दावर आवाजाचा जोर देऊन काम भागवतो. 'डिस्कस अबाउट'चेही तेच. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' येते. वस्तुतः डिस्कस या शब्दाच्या पोटातच 'विषयी' आहे. 'प्लीज बॉरो मी युवर पेन' म्हणणाऱ्या मुलाचा दोष तर फारच थोडा. मराठीत 'उसने' हा एकच शब्द. घेणारा तो घेतो, देणारा तो देतो. इंग्रजीत घेणाऱ्याचे बॉरो वेगळे, देणाऱ्याचे लेंड वेगळे.

स्पेलिंगचा गोंधळ निराळा. गमावणे या अर्थाचा 'लूझ' एका ओने लिहितात आणि सैल या अर्थाचा 'लूस' दोन ओंनी. मुले चिडून म्हणतात, मराठीत असे नसते. तेव्हा मी फळ्यावर 'जग' असे लिहितो आणि वाचायला सांगतो. आपण राहतो ते जग, की पाण्याचा जग? अक्षरे तीच, 'ज'चा उच्चार मात्र दोन्हीकडे वेगळा.

अर्थच बदलतो तेथे मात्र मी कठोर होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात मुले 'माय फादर्स इकॉनॉमिकल कंडिशन' लिहितात. आर्थिक म्हणजे इकॉनॉमिक. इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा. बाप काटकसरी आहे हे खरे असते, पण शिष्यवृत्ती त्यासाठी मिळत नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' यांची सरमिसळ मला विशेष बोचते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ती घटना हिस्टॉरिक. त्याच वर्षीची एखाद्या खेड्यातील शेतसाऱ्याची पावती हिस्टॉरिकल. पहिलीने इतिहास घडविला, दुसरी इतिहासात जमा झाली.

कचेऱ्यांत 'उत्तर देतो' या अर्थी 'रिव्हर्ट बॅक' लिहितात. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे, आणि त्यात 'बॅक' आधीच आहे. उलट 'प्रीपोन' हा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे. त्याला हसणाऱ्यांनी तो उघडून पाहावा.

उच्चारांवरून होणारी टिंगल मला मुळीच मान्य नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या 'पानी' आणि 'लोनी' म्हणण्यावर शाळेत हसले गेले आहे. तीच माणसे आज मुलांच्या इंग्रजी उच्चारांवर हसताना दिसतात, याचे वाईट वाटते. राहिली 'बेसिकली' आणि 'ॲक्चुअली'ची सवय, तर तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मी गमावला आहे. माझ्या एका तासात 'लक्षात आले का?' हे एकेचाळीस वेळा आल्याचे आठवीच्या मुलांनी मोजून ठेवले होते.

आमच्या भोजनगृहाच्या भिंतीवर दोन पाट्या आहेत. मराठीत 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' आणि इंग्रजीत 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ'. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, दोन्हींचा क्रम वेगळा कसा?" प्रश्न रास्त होता. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत हा संदेश दिला, तेव्हा 'ॲजिटेट' मध्येच होते. लॅटिन मुळाकडे पाहिले तर त्याचा अर्थ हलविणे, ढवळणे असा आहे. आजही द्रावण ढवळण्याला ॲजिटेट म्हणतात, मन अस्वस्थ करण्यालाही म्हणतात आणि चळवळ करण्यालाही. केवळ रस्त्यावरचा लढा एवढाच अर्थ घेतला तर आधी संघटना, मग लढा, असा क्रम आपोआप होतो. पण मन ढवळून निघणे हा अर्थही धरला, तर ते शिक्षणाच्या लगेच पाठोपाठ यायला हवे. शिकलेला माणूस आधी अस्वस्थ होतो आणि मग आपल्यासारख्यांना शोधू लागतो. मराठी घोषणेने पिढ्या उभ्या केल्या आहेत, तिला चूक ठरविण्याचे धाडस मी करणार नाही. दोन्ही पाट्या भिंतीवर तशाच आहेत, आणि दर वर्षी जूनमध्ये नववीच्या मुलांना मी त्या मोठ्याने वाचायला लावतो. क्रमाचा प्रश्न कोणीतरी विचारेपर्यंत मी थांबतो.