धमनीविकारावर आरएनएचा उतारा

दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी येतो, इतर देशांत 59व्या वर्षाच्या आसपास. 52 देशांतल्या 'इंटरहार्ट' पाहणीच्या आधारे नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2007 साली हे दाखवून दिलं. आज पनवेलमध्येही अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, रक्त वाहू लागतं. पण धमनीच्या भिंतीत चरबी साचायची थांबत नाही. ती मुळात रोखायची तर पेशीच्या आत शिरावं लागेल.

आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. बाकीचा पुष्कळसा भाग अनेक वर्षं अडगळीत काढला गेला होता. 2007 मध्येच नवव्या गुणसूत्रावर धमनीविकाराशी घट्ट निगडित असा एक पट्टा सापडला. त्यात प्रथिन घडवणारं जनुक नव्हतंच. होता तो 'एनरिल' हा नॉन-कोडिंग आरएनए, म्हणजे स्वतः प्रथिन न घडवणारा.

असे आरएनए काय करतात? पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल एबीसीए1 हे प्रथिन बाहेर काढतं. मायक्रोआरएनए-33 हा असाच एक छोटा आरएनए ते प्रथिन बनवण्याच्या संदेशाला चिकटतो आणि ते बनणंच रोखतो. 2011 साली माकडांमध्ये या मायक्रोआरएनएला अडवल्यावर 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढलं. उंदरांवरच्या काही दीर्घ प्रयोगांत मात्र यकृतात चरबी साचली. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर लगाम ठेवतो. तो सैल केला की नको ते घोडेही उधळतात.

तिथे आरएनएला अडवलं होतं; कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या इन्क्लिसिरान या इंजेक्शनात मात्र आरएनए हेच औषध आहे. हा छोटा कृत्रिम आरएनए यकृतात पीसीएसके9 प्रथिनाचा संदेश तोडतो, त्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, अधिक खेचून घेतं. सुरुवातीचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने, मग सहा महिन्यांतून एक इंजेक्शन. एलडीएल सुमारे निम्म्यावर येतं. युरोपने 2020 मध्ये आणि अमेरिकेने 2021 मध्ये त्याला मंजुरी दिली.

या औषधाला जोडलेली विशिष्ट साखर ते नेमकं यकृतात पोचवते. धमनीच्या भिंतीपर्यंत नेणारी तितकी खात्रीची वाट अजून सापडलेली नाही. 'एनरिल'सारखी लक्ष्यं म्हणूनच प्रयोगशाळेत अडकून आहेत.

तोवर हाताशी असलेले उपाय सोडू नयेत. जोशींच्या अभ्यासात लवकर येणाऱ्या झटक्यामागे धूम्रपान, मधुमेह, रक्तातली चरबी आणि व्यायामाचा अभाव हीच कारणं ठळक होती. घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल, तर तिशीतच लिपिड प्रोफाइल करून घ्यावं आणि डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी मनाने बंद करू नये.